मळखाऊ

कपाट उघडलं की आधी डांबरगोळ्या बोलतात,
मग पातळं.
हे नणंदेच्या घरभरणीचं,
हे दिराच्या साल्याच्या लग्नातलं,
हे कोणाचं आठवत नाही, पण घडीत चिठ्ठी तशीच:
'पोस्टवाल्या काकू'.
बिस्किटी, राखी, चॉकलेटी, पुन्हा बिस्किटी.
सत्तेचाळीस वर्षांत एकही रंग
मी बोट दाखवून मागितलेला नाही.

आमच्याकडे कापडाची मोठी तारीफ एकच:
मळखाऊ आहे.
धूळ दिसू नये, हळद दिसू नये,
एसटीच्या सीटचं तेल दिसू नये.
मी बसते शाखा डाकघरात.
ठप्प, ठप्प.
शिक्क्याची किती शाई पदरांनी गिळली
कोणाला पत्ता लागला नाही,
मलाही नाही.

त्यात हे अंगातलं ऊन.
बाहेर मे महिना, आत दुसरा मे,
मधे नायलॉन.
पासबुकात आकडा लिहिता लिहिता
कानामागून धार लागते
आणि आहेरातलं ते पातळ
पाठीला तिकिटासारखं चिकटतं.

दिग्रसला गेले होते गॅसचं रेग्युलेटर बदलायला.
शेजारी कापडाचं दुकान. दुकानदार
सवयीनं बिस्किटी गठ्ठ्याकडे वळला.
थांबा म्हटलं. तो वरचा.
नाही, त्याच्या बाजूचा.
सुती. अंबाडीच्या फुलाचा पिवळा,
आणि काठ त्या फुलाच्या पोटातला,
लहानपणी धुऱ्यावर बसून
बोट घालून पाहायचे ना, तो.
"मळेल हो लवकर."
"मळू द्या."
कोण बोललं म्हणून मीच वळून पाहिलं.

रेहानाबीला नेहमीसारखं मापाचं ब्लाउज दिलं.
तिनं ते उजेडात धरलं.
"हे तं तुमची पोरगी झाली तवाचं आहे बाई.
दरसाल यालेच पाहून शिवतो मी,
अन् दरसाल तुमी खांद्यात अखडता.
आज तुमचंच माप घेऊ द्या."

टेपचं पत्र्याचं टोक गार लागलं मानेला.
"हात वर. पोट आत नका घेऊ,
जसं हाये तसं राहू द्या."
सोडलं.
तिला वहीतला आकडा खोडून
पुन्हा लिहावा लागला.
"गळा मागून किती?"
"एक बोट खोल."
"दोन घ्या," ती म्हणाली,
आणि तोंडात टाचण्या धरून हसली.

घरी हे म्हणाले,
"पोस्टात मोठा साहेब येणार आहे काय?"
"नाही. मी जाणार आहे."
जाऊ म्हणाली, "आता या वयात काय नटतं माय!"
अन् तिसऱ्या दिवशी
नसलेल्या पत्राची चौकशी करायला खिडकीशी आली,
पदराचं टोक दोन बोटांत चोळून पाहिलं,
दुकान बसस्टँडच्या अलीकडे की पलीकडे, विचारलं.

चार बिस्किटी गोधडीला दिली.
एक राखी ठेवली सरगुंडे वाळवायला.
चॉकलेटी एक मात्र हातून सुटेना.
आईनं घेतलं होतं, तिच्या पसंतीनं,
तिलाही तो रंग आवडायचा नाही.
ते खालच्या कप्प्यात आहे.

आणि पिवळ्यावर
पंधरा दिवसांतच शाई पडली.
रजिस्टरवर शिक्का मारताना
पंख्यानं पदर मधे आणला.
ठप्प.
दोनदा धुतलं. दिसतं अजून:
गावाचं नाव, तारखेचा अर्धा गोल.
साल काही वाचता येत नाही.